सहासष्ट की त्र्याहत्तर?

बायबलचा विषय निघाला की आमच्या पांढुर्णा-सौंसर भागात दोन ठाम उत्तरे ऐकू येतात. एक जुने आहे: हे देवाचे वचन, यातला काना-मात्राही कधी हललेला नाही. दुसरे अलीकडे मोबाइलवरून फिरत आले. इसवी सन ३२५ मध्ये कॉन्स्टंटाइन बादशहाने नायसिया इथे बिशपांची सभा भरवली, नको ती पुस्तके जाळली आणि सोयीचे बायबल लिहून घेतले, असे ते सांगते. पहिले उत्तर देणाऱ्याने दोन बायबले शेजारी ठेवून पाहिलेली नसतात. दुसरे देणाऱ्याने बहुधा एकही उघडलेले नसते. नायसियाची सभा झाली हे खरे. तिथे येशूच्या देवत्वावर कडाक्याचा वाद झाला, ईस्टर केव्हा पाळायचा यावर निर्णय झाला, वीस नियमही झाले. बायबलात कोणते ग्रंथ असावेत याचा मात्र त्या वीस नियमांत एकही नियम नाही.

मग फरक कुठून आला? कारण फरक आहे, आणि तो डोळ्यांनी मोजता येतो. प्रॉटेस्टंट घरातल्या बायबलात ६६ पुस्तके असतात, कॅथलिक घरातल्या बायबलात ७३, आणि इथिओपियाच्या जुन्या चर्चच्या यादीत ८१. ज्यू लोक आपले पवित्र ग्रंथ २४ मोजतात, पण तो आकडा फसवा आहे. त्यांची २४ म्हणजे प्रॉटेस्टंटांच्या जुन्या करारातली ३९च. बारा लहान संदेष्टे ते एका पुस्तकात धरतात, शमुवेल, राजे, इतिहास यांचे दोन-दोन भाग करत नाहीत, एज्रा आणि नहेम्या एकत्र ठेवतात. क्रम मात्र निराळा. त्यांचा संग्रह इतिहासाच्या पुस्तकाने संपतो, ख्रिस्ती जुना करार मलाखीने. कॅथलिक बायबलातली जास्तीची सात म्हणजे तोबीत, ज्युडिथ, मक्काबींची दोन, ज्ञानग्रंथ, सिराख आणि बारूख. ही सात कुठून आली आणि कुठे गेली, ही या पुस्तिकेतली सर्वांत लांब गोष्ट आहे. तिचे शेवटचे टोक आपल्या घरापर्यंत येते, म्हणून ती इथे सांगण्यासारखी.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटायचे कारण नाही. ज्ञानेश्वरी १२९० सालची. तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांच्या हातून तिच्यात इतके पाठभेद शिरले की शके १५०६ म्हणजे १५८४ साली एकनाथांना प्रती जमवून ती शुद्ध करावी लागली. जाता जाता त्यांनी, यात आपली ओवी घुसडणाऱ्यालाही सुनावून ठेवले. सुनावावे लागले, याचाच अर्थ लोक घुसडत होते. तुकोबांच्या गाथेत खरे अभंग किती, यावर अजून एकमत नाही. म्हणून वारकऱ्याची भक्ती उणावली, असे कोणी ऐकले आहे का?

पण आमच्या भागाला सर्वांत जवळचे उदाहरण महाराष्ट्राची सीमा ओलांडून वरुड-मोर्शीकडे उतरले की लागते, ते म्हणजे रिद्धपूर. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा लिहून काढल्या. ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले होते त्यांना गाठायचे, आठवणी टिपायच्या आणि नागदेवाचार्यांकडून त्यांची शहानिशा करून घ्यायची, अशी त्यांची पद्धत. महानुभाव पंथाची परंपरा सांगते की मूळ पोथी खल्जीच्या स्वारीच्या धामधुमीत गेली आणि हिराइसेसारख्यांच्या पाठांतरातून ती पुन्हा उभी राहिली. ज्याची आठवण वेगळी त्याचा पाठ वेगळा झाला. विसाव्या शतकात ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते यांनी लीळाचरित्र छापले ते या पाठांच्या जंगलातून वाट काढतच. ज्याला लीळाचरित्राची ही कथा माहीत आहे त्याला मत्तय, मार्क, लूक, योहान ही चार शुभवर्तमाने कशी झाली ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. येशूला क्रुसावर दिले ते साधारण इसवी सन ३० च्या सुमारास. मार्कचे लेखन अभ्यासक सन ७० च्या आसपास धरतात, बाकीची त्यानंतरची. लूक तर आरंभीच सांगतो, की प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून आलेली माहिती नीट तपासून आपण क्रमाने लिहीत आहोत. म्हाइंभट आणि लूक यांची भेट झाली असती तर दोघांना बोलायला पुष्कळ विषय निघाले असते.

जुन्या कराराकडे वळू. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या-दुसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरी राहणाऱ्या ज्यू लोकांची भाषा ग्रीक झाली होती. त्यांच्यासाठी हिब्रू ग्रंथांचे ग्रीक भाषांतर झाले, ते सेप्टुअजिंट. वर सांगितलेली सात पुस्तके या ग्रीक संग्रहातून ख्रिस्ती लोकांकडे आली. पुढे ज्यू धर्मगुरूंनी हिब्रू संग्रहच प्रमाण मानला आणि त्यात ही सात नव्हती. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने लॅटिन भाषांतर करताना हा भेद ओळखला होता आणि या पुस्तकांचा दर्जा वेगळा, असे त्याचे मत होते. तरी चर्चने ती ठेवली. जवळजवळ हजार वर्षे हा प्रश्न तसाच भिजत पडला.

ग्रंथ कोणते एवढाच प्रश्न नव्हता. ग्रंथाच्या आतला मजकूरही सगळीकडे सारखा नव्हता. यिर्मयाचे पुस्तक ग्रीकमध्ये हिब्रूपेक्षा सुमारे एक अष्टमांशाने लहान आहे आणि त्यातल्या काही प्रकरणांची जागाही वेगळी. पूर्वी समज असा की ग्रीक भाषांतरकाराने कात्री चालवली असावी. १९४७ च्या सुमारास मृत समुद्राकाठच्या कुमरान इथल्या गुहांत जुन्या गुंडाळ्या मिळू लागल्या आणि त्यांत यिर्मयाच्या त्या आखूड रूपाचे हिब्रू तुकडेही निघाले. म्हणजे भाषांतरकार बिचारा प्रामाणिक होता. त्याच्यापुढची हिब्रू पोथीच तशी होती. एकाच संदेष्ट्याची दोन रूपे एकाच काळी नांदत होती आणि वाचणाऱ्यांना त्यात काही अडचण वाटत नव्हती.

याच गुहांनी उलट साक्षही दिली. तिबेरियाच्या मासोरेती पंडितांनी हिब्रू पाठ जपण्यासाठी अक्षरे मोजली, स्वरचिन्हे घातली, समासात टिपा लिहिल्या. त्यांच्या परंपरेची संपूर्ण जुनी पोथी, लेनिनग्राड कोडेक्स, सन १००८ च्या सुमाराची. कुमरानला यशयाची जी संपूर्ण गुंडाळी सापडली ती तिच्याहून हजारएक वर्षांनी जुनी. दोहोंत फरक आहेत, पण पुस्तक तेच आहे, वाक्यामागून वाक्य तेच. आपल्याकडच्या घनपाठी वैदिकांना या गोष्टीचे आश्चर्य वाटणार नाही. जपायचेच ठरवले तर माणसे किती जपतात, हे त्यांना ठाऊक असते.

नव्या कराराची यादी ठरायलाही वेळ लागला. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या माणसाने जुना करार सगळाच बाजूला टाकून लूकचे छाटलेले शुभवर्तमान आणि पौलाची दहा पत्रे एवढीच ठेवली. त्याच शतकात तातियानने चारही शुभवर्तमाने विणून एकच सलग कथा केली, आणि सीरियातल्या चर्चमध्ये पाचव्या शतकापर्यंत तीच वाचली जात होती. आज आपण ज्या २७ पुस्तकांना नवा करार म्हणतो ती सगळी, आणि तेवढीच, एका यादीत प्रथम दिसतात ती सन ३६७ मध्ये, अथानासियस या बिशपच्या पत्रात. जवळपास त्याच काळातली सिनाई डोंगरावरच्या मठातली पोथी पाहिली, तर नव्या कराराच्या शेवटी बर्णबाचे पत्र आणि हर्मासचा मेंढपाळ ही आणखी दोन पुस्तके सापडतात. बादशहाच्या हुकमाने यादी ठरली असती तर हा गोंधळ उरला नसता.

आता त्या जागा पाहू, जिथे भाविक वाचक दचकतो. व्यभिचाराच्या आरोपाखाली पकडलेल्या स्त्रीला दगडमार होणार असताना येशू तिला वाचवतो, ती योहानाच्या आठव्या अध्यायातली गोष्ट. दगड आणि माणसे यांचे नाते पांढुर्ण्याच्या माणसाला सांगायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीवर गोटमार होते. तरीही, किंवा त्यामुळेच, ही गोष्ट इथे फार जिव्हाळ्याने ऐकली जाते. पण योहानाच्या सर्वांत जुन्या ग्रीक प्रतींत ती नाही. काही प्रतींत ती योहानात न येता लूकमध्ये जाऊन बसलेली आहे. जागा शोधत फिरणारी ही एक जुनी आठवण दिसते. मार्कचे शुभवर्तमान सिनाई आणि व्हॅटिकनच्या पोथ्यांत सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशी थांबते. पुढची बारा वचने नंतरची. दर रविवारी चर्चमध्ये म्हणतात त्या प्रभूच्या प्रार्थनेचा शेवटचा गौरवाचा चरण मत्तयाच्या प्राचीन प्रतींत नाही. प्रार्थनेला चरण जोडून म्हणायची रीत होती, आणि म्हणता म्हणता तो पोथीत उतरला. आरतीच्या शेवटी मागाहून जोडलेले कडवे ज्यांनी ऐकले आहे त्यांना हे लगेच उमगेल.

योहानाच्या पहिल्या पत्रातली भानगड अधिक गमतीची आहे. पिता, पुत्र, आत्मा हे तिघे स्वर्गात साक्ष देतात, असे सांगणारे वाक्य लॅटिन प्रतींत होते, ग्रीकमध्ये नव्हते. इरॅस्मस या पंडिताने १५१६ साली ग्रीक नवा करार प्रसिद्ध केला तेव्हा त्याने ते वगळले. ओरड झाली. मग इंग्लंडातली एक ग्रीक पोथी पुढे आली, तीही अगदी ताजी, आणि १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत वाक्य दाखल झाले. याच इरॅस्मसजवळच्या प्रकटीकरणाच्या प्रतीचे शेवटचे पान गळलेले होते. त्याने ती वचने लॅटिनवरून स्वतःच ग्रीकमध्ये करून घातली. त्याच्या परंपरेतला ग्रीक पाठ पुढची तीनशे वर्षे युरोपात प्रमाण मानला गेला आणि मराठीची पहिली भाषांतरे झाली तेव्हा मिशनऱ्यांच्या टेबलावर मुख्यतः तोच होता.

मराठीत बायबलची कथा आली ती मात्र भाषांतर होऊन नाही. इंग्लंडात जन्मलेल्या थॉमस स्टीफन्स या जेझुइट पाद्र्याचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात, रायतूरला, रोमन लिपीत छापले गेले. जवळपास अकरा हजार ओव्या, पहिले पुराण जुन्या कराराचे आणि दुसरे येशूचे. चार शुभवर्तमाने विणून एक कथा करण्याचे तातियानचे काम स्टीफन्सने ओवीत केले. नव्या ख्रिस्ती झालेल्यांना पुराणे सुटल्याची चुटपुट होती. त्यांना पुराणच हवे होते आणि ते मिळाले. बायबलचा मजकूर बदलला असे म्हणायचे तर सर्वांत मोठा बदल हाच, आणि मला तो सर्वांत सुंदर वाटतो.

भाषांतर सुरू झाले दूर बंगालात. श्रीरामपूरला विल्यम केरीने फोर्ट विल्यम कॉलेजातले मराठी पंडित वैजनाथ शर्मा यांच्या मदतीने १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान काढले, १८११ पर्यंत नवा करार. १८१२ च्या मार्चमध्ये त्या छापखान्याला आग लागली आणि अनेक भाषांची हस्तलिखिते व टंक जळाले. मुंबईला आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना श्रीरामपूरची मराठी पुरेशी वाटली नाही. गॉर्डन हॉल आणि त्याच्या सोबत्यांनी नव्याने सुरुवात केली. त्यांचा नवा करार १८२६ साली पूर्ण झाला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये हॉल नाशिककडच्या दौऱ्यावर पटकीने गेला.

१८२६ हे साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवावे. त्यासाठी थोडे मागे जावे लागते. प्रॉटेस्टंट चळवळीच्या लूथरने १५३४ च्या जर्मन बायबलात ती सात पुस्तके जुन्या आणि नव्या कराराच्या मध्ये, वाचायला चांगली पण प्रमाण नव्हेत म्हणून, वेगळी छापली. कॅथलिक चर्चने १५४६ साली ट्रेंटच्या सभेत ती प्रमाणच आहेत असे ठरवले. इंग्रजांच्या १६११ च्या प्रसिद्ध बायबलातही ती वेगळ्या विभागात होतीच. म्हणजे प्रॉटेस्टंटांनी ती ताबडतोब फेकून दिली, हे खरे नाही. एकोणिसाव्या शतकात लंडनची ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटी जगभर बायबले छापू लागली तेव्हा या पुस्तकांवर आपली वर्गणी खर्च होऊ नये म्हणून स्कॉटलंडच्या वर्गणीदारांनी रान उठवले, आणि १८२६ मध्ये सोसायटीने त्यांच्या छपाईला पैसा देणे बंद केले. मराठी बायबलला आधार देणाऱ्या संस्था याच विचाराच्या. १८४७ साली मराठीत संपूर्ण बायबल तयार झाले ते ६६ पुस्तकांचे. ज्या वादाचा मराठी माणसाला गंधही नव्हता त्याचा निकाल त्याच्या पुस्तकात असा कायम झाला. तोबीत आणि मक्काबी कोणी जाळले नाहीत. त्यांच्या छपाईचा खर्च कोणी उचलला नाही, एवढेच. माझ्या मते बायबलच्या इतिहासात बादशहांपेक्षा हिशेबनिसांनी जास्त काही ठरवले आहे.

दरम्यान मूळ पाठाकडे पाहण्याची दृष्टीही बदलत होती. टिशेनडॉर्फ या अभ्यासकाला सिनाईच्या मठात त्या जुन्या पोथीची पहिली पाने मिळाली १८४४ साली, म्हणजे मराठी बायबल पूर्ण होण्याच्या तीन वर्षे आधी. वेस्टकॉट आणि हॉर्ट या अभ्यासकांचा नवा ग्रीक पाठ १८८१ मध्ये आला. त्यानंतरच्या आवृत्त्यांत वर सांगितलेल्या जागी चौकटी कंस किंवा तळटिपा दिसू लागल्या. पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल स्वतः सोप्या मराठीत आणले. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनचे ते बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. एकट्या बाईने केलेले असे काम जगात क्वचितच सापडेल. अलीकडे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’च्या नव्या कराराला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. कोकणातले बेने इस्राएल ज्यू हेही मराठी बोलणारेच. त्यांनी हिब्रू ग्रंथांवर मराठीतून कीर्तने रचली आणि वल्हांडण सणात वाचायची हग्गादा १८४६ सालीच मुंबईत मराठी भाषांतरासह छापली.

आणि आमचा भाग? १८२६ साली सौंसर-पांढुर्णा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आला तो स्कॉटलंडहूनच, म्हणजे त्या वर्गणीदारांच्याच मुलखातून. गोंडांची लिंगोची गाथा त्याने एका प्रधान भाटाच्या तोंडून उतरवून घेतली, आणि त्याच्या मृत्यूनंतर १८६६ साली रिचर्ड टेंपलने ती छापली. तीच गाथा इतर गायकांकडून ऐकली की वेगळी निघते. तोंडी ग्रंथ लिखित होताना काय होते त्याचा नमुना हिस्लॉपच्या दप्तरातच होता. छिंदवाड्याच्या मिशनरी जेम्स डॉसनने गोंडी शब्द आणि वाक्ये १८७० मध्ये प्रसिद्ध केली आणि शुभवर्तमान गोंडीत आणायला हात घातला. पुढे ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांना नवा करार मिळाला तोही नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत, एका गोऱ्या सहप्रवाशाकडून. पुढे स्वीडिश मिशनच्या कामातून लुथरन चर्च वाढले. त्याचे मध्य प्रदेशातले मुख्यालय छिंदवाड्यातच आहे. १९५६ ला नागपूर मध्य प्रदेशातून बाहेर गेले, आम्ही आत राहिलो. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. अशा ठिकाणी एकाच घरात आजीचे मराठी पवित्र शास्त्र आणि नातवाचे हिंदी बायबल असते, आणि दोन्ही प्रतींमागे वेगवेगळ्या पिढ्यांचे निर्णय असतात.

म्हणून या पुस्तिकेच्या वाचकाला एक विनंती आहे. पुढचे प्रकरण उलटण्याआधी घरातली किंवा ओळखीच्या घरातली जी जुनी प्रत असेल ती काढा. नावाच्या पानावर साल आणि छापखाना पाहा, अनुक्रमणिकेत पुस्तके मोजा, मार्कच्या सोळाव्या अध्यायात नववे वचन कंसात आहे का ते बघा. हिंदी प्रत असेल तर तीही शेजारी ठेवा. आणि पाने सुटली, कसर लागली म्हणून अशी प्रत रद्दीत घालू नका. सालासकट तिची नोंद करून चर्चच्या कपाटात किंवा एखाद्या ग्रंथालयात द्या. नव्या प्रती बाजारात मिळतात. जुन्या पुन्हा छापल्या जात नाहीत.